बैल दमायचा, विहीर वाचायची

रहाटाची रचना तशी साधी. विहिरीच्या तोंडावर एक उभे चाक, त्यावरून खाली सोडलेली दोरांची माळ आणि माळेला ओळीने बांधलेली मातीची गाडगी. बाजूला दातेरी चाकांची जोडी, तिला जोडलेला लांब दांडा आणि दांड्याला जुंपलेला बैल नाहीतर रेडा, डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरणारा. गाडगी एका अंगाने रिकामी उतरत, दुसऱ्या अंगाने भरून वर येत आणि पन्हळीत ओणवी होत. तिथून पाणी पाटाने निघे आणि केळीच्या आळ्यांत, पानवेलीच्या मुळाशी जाई. या यंत्राचा एक भाग मात्र कुणी मुद्दाम बसवलेला नव्हता. जनावर दमले आणि उन्हे चढली की त्याला सोडावे लागे. मग तेवढा वेळ विहिरीत झरे भरत. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वटारसारख्या गावांत शतकानुशतके बागायत टिकली, त्याचे श्रेय आपण माती, पाऊस आणि माणसांच्या कष्टांना देतो. ते खरेच आहे. पण माझ्या मते श्रेयाचा एक वाटा त्या दमणाऱ्या जनावराचाही आहे. ते दमत होते म्हणून जमिनीखालच्या पाण्याला एक मर्यादा आपोआप पाळली जात होती. जनावर गेले आणि मर्यादाही गेली. तिच्या जागी दुसरी मर्यादा आपण ठरवली नाही. या भागाच्या पाण्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास मुख्यतः त्या रिकाम्या राहिलेल्या जागेचा आहे, आणि स्वच्छ ऊर्जेच्या आजच्या उत्साहातही ती जागा रिकामीच आहे.

हे समजायला आधी इथली जमीन समजायला हवी. वटार, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज ही गावे समुद्र आणि खाजणे यांच्या मधल्या चिंचोळ्या, रेताड पट्ट्यावर वसली आहेत. इथे मोठी नदी नाही आणि डोंगरावरून येणारा बारमाही ओढाही नाही. वर्षाकाठी दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. त्यातला जो भाग रेतीत मुरतो, तो खाली साचलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. गोडे पाणी हलके आणि खारे जड, म्हणून दोन्ही सहजी मिसळत नाहीत. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त असते आणि त्यातूनच एक विलक्षण हिशेब निघतो. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या साधारण चाळीस पट खोल गोड्या पाण्याचा थर पसरलेला असतो. पातळी अर्धा मीटर वर असेल, तर खाली वीस मीटर गोडे पाणी. हा हिशेब उलटाही चालतो. उपशाने पातळी दहा सेंटिमीटर उतरली, की खालचे खारे पाणी कालांतराने चार मीटर वर सरकते. विहिरीत डोकावणाऱ्याला वितीहूनही कमी फरक दिसतो आणि खाली दोन पुरुष उंचीचे पाणी गेलेले असते. हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता बादोन-गाइबेन याने आणि १९०१ मध्ये जर्मन अभियंता हेर्झबर्ग याने मांडला. हेर्झबर्गचा अभ्यास उत्तर समुद्रातल्या नॉर्डरनाय या रेताड बेटावरचा होता. वटारच्या वाडीवाल्याला ते बेट ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण विहीर फार खोल नेली की पाणी मचूळ लागते, हे त्याला ठाऊक होते.

त्या जाणिवेतून घडलेली गोष्ट म्हणजे बावखल. बाव म्हणजे विहीर आणि खल म्हणजे खड्डा. विहिरीइतके खोल नाही, तळ्याइतके ऐसपैस नाही, असे हे हाताने खणलेले जलाशय वाड्यांच्या कडेने, घरांच्या मागे आणि शेतांच्या उतारावर विखुरलेले असत. पावसाळ्यात शिवारातले पाणी त्यात उतरे आणि समुद्राकडे धावण्याआधी जमिनीत जिरे. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर शिंपण चाले. पाणी खालून ओढण्यापेक्षा वरच्या वर अडवून वापरायचे आणि अडवतानाच खालचा थर भरत ठेवायचा, अशी ही दुहेरी सोय होती. बावखलाला बांधीव काठ लागत नाही. लागतात ते दरवर्षी गाळ काढणारे हात, आणि हा खड्डा म्हणजे मोकळी पडलेली जमीन नव्हे, एवढी समज.

या सोयीवर उभी राहिलेली बागायत जुनी आहे. शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथल्या बुरुड राजाच्या कोटातला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उघडा केला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच गावी सापडला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत इथल्या माणसांचे धर्म बदलले, देवळांशेजारी चर्च उभी राहिली, नंदाखालचे चर्च तर १५७३ सालचे. पण वाडीची रीत ख्रिस्ती झालेल्या कुपाऱ्यांची आणि हिंदू राहिलेल्या सामवेदी ब्राह्मणांची, वाडवळांची, भंडाऱ्यांची एकच राहिली: केळ, पानवेल, भाजी, फूल आणि त्यांच्या उशाशी रहाट. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर या किनारपट्टीच्या बागायतीची दखल घेते आणि आगाशीच्या सुकवलेल्या केळ्यांचे कौतुक करते. तोवर रेल्वे आली होती. १८६७ पासून विरारची गाडी मुंबईला जाऊ लागली आणि वसईची पाने, केळी, फुले आणि दूध यांना रोजचे गिऱ्हाईक मिळाले. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. मुंबई वाढत होती, मागणी वाढत होती, तरी वाडीच्या विहिरी आटल्या नाहीत की खारावल्या नाहीत. बाजार कितीही मागू दे, विहिरीतून वर येणारे पाणी बैलाच्या पावलांनी मोजलेलेच येत होते.

या मापाचा हिशेब करता येतो. बैल सतत काम करताना साधारण अर्ध्या अश्वशक्तीइतकी ताकद देतो. चार-पाच मीटरवरून पाणी उचलायचे, लाकडी दात्यांत आणि हिंदकळण्यात निम्म्याहून अधिक ताकद वाया जायची, असे धरले तर तासाला दहा-बारा हजार लिटर हाती लागते. दिवसातून पाच-सहा तास धरा. त्यातलेही बरेचसे पाणी पाटातून आणि आळ्यांतून पुन्हा त्याच रेतीत मुरे. म्हणजे उपसा थोडा, त्यातला परतावा मोठा आणि मध्ये रात्रभराची विश्रांती. आता पाच अश्वशक्तीचा पंप घ्या. तो एका वेळी दहा बैलांचे काम करतो आणि त्याला झोप लागत नाही. रहाट चालवायला रोज चारा, जनावर आणि माणूस लागे, म्हणून प्रत्येक जादा गाडग्याला जादा किंमत पडे. पंपाला एकदा बटण दाबले की पुढचे पाणी जवळजवळ फुकट. यंत्र बदलले म्हणजे फक्त वेग बदलला, असे इथे झाले नाही. थांबण्याचे कारणच नाहीसे झाले.

गेल्या शतकाच्या मध्यावर डिझेलची इंजिने वाड्यांत आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले, गावोगाव खांब उभे राहिले आणि हळूहळू इंजिनांची जागा विजेच्या मोटारींनी घेतली. रहाट मोडीत निघाले, लाकूड चुलीत गेले, गाडगी उकिरड्यावर. सुरुवातीची फळे गोडच होती. वाडीचा विस्तार झाला, शिंपण सोपे झाले, बैलामागे फिरणारी माणसे मोकळी झाली. तरीही या टप्प्यावर पाणी गावातल्या गावात फिरत होते, त्याच जमिनीत मुरत होते. खरा तडा गेला तो पाणी गावाबाहेर जाऊ लागले तेव्हा. पूर्वेला रेल्वेच्या कडेने नालासोपारा आणि विरारमध्ये इमारती उभ्या राहत होत्या आणि नळाला पाणी नव्हते. पश्चिमेच्या विहिरीत ते होते. मधले अंतर टँकरने भरून काढले. दहा हजार लिटरचा टँकर भरायला रहाटाला तासभर लागला असता, मोटारीला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. आणि हे पाणी वाडीच्या पाटात न शिरता कुठल्याशा गच्चीवरच्या टाकीत चढते, तिथून गटारात आणि खाडीत जाते. परताव्याचा वाटा शून्यावर आला. कायद्याच्या नजरेत विहीर ज्याच्या जमिनीत, पाणी त्याचे. पण गोड्या पाण्याचा थर सातबारा पाहून पसरत नाही. एकाने रात्रभर उपसा केला की खारे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत वर येते.

या काळात वसईत जे आंदोलन उभे राहिले, ते महाराष्ट्राच्या पर्यावरणाच्या इतिहासात ठळक नोंदवायला हवे. १९८८ मध्ये सरकारने वसई-विरारचा हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याचे धोरण घेतले, १९९० मध्ये सिडको या भागाचे विशेष नियोजन प्राधिकरण झाले आणि बिल्डर व गुंड यांची दहशत एकत्र वाढली. हरित वसई संरक्षण समितीने या सगळ्याला तोंड दिले. तिचे नेतृत्व नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेले हे धर्मगुरू पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये निवर्तले. समितीच्या मागण्यांत झाडे आणि शेतजमीन होती, तसा टँकरचा उपसाही होता. चर्चच्या आवारातून निघालेल्या या लढ्यात हिंदू वाडीवालेही आले, कारण विहीर खारी होताना धर्म विचारत नाही. या लढ्याने पश्चिम पट्टा बराचसा हिरवा राखला, हे आजही बोळिंजच्या इमारती ओलांडून वटारच्या वाड्यांत शिरले की दिसते. पण एक गोष्ट त्याला साधली नाही. टँकर अडवणे वेगळे आणि किती पाणी उपसायचे हे ठरवणारी गावाची व्यवस्था उभी करणे वेगळे. राज्याने १९९३ मध्ये भूजलाचा एक कायदा केला, २००९ चा अधिक व्यापक कायदा २०१४ मध्ये अमलात आणला. वाडीच्या मोटारीचे बटण मात्र दोन्ही कायद्यांना सापडले नाही.

दरम्यान बावखले बुजत चालली. नळ आला, घराघरात बोअर झाली, मग दारातला खड्डा नुसता डासांचे घर वाटू लागला. कचरा पडला, मग भरणी पडली, मग त्यावर भिंत आली. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, २०११ मध्ये सरकारने २९ गावे वगळायचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला आणि २०२४ मध्ये सरकारनेच तो मागे घेतला. गाव कुणाचे हा वाद पंधरा वर्षे चालला, तेवढ्यात गावाचे पाणी जिरायच्या जागा कमी होत राहिल्या. त्याची पावती जुलै २०१८ मध्ये मिळाली. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारची लोकल बंद पडली, मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसे अडकली. त्यानंतर महापालिकेने ‘नीरी’ आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांकडून पुराचा अभ्यास करून घेतला. त्यांच्या उपायांत धारण तलावांची शिफारस होती, म्हणजे पावसाचे पाणी काही काळ थोपवून धरणारे खड्डे. ज्यांना बावखल आठवत होते, त्यांना ही शिफारस नवी वाटली नसेल.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रहाटाचे गोडवे गाणे सोपे आहे, तो चालवणे सोपे नव्हते. डोळे बांधून दिवसचे दिवस फिरणारे जनावर, त्यामागे उन्हात फिरणारे माणूस, वाडीवर राबणारा पण स्वतःची विहीर नसलेला आदिवासी मजूर, हे सगळे त्या हिरव्या चित्राच्या चौकटीतच आहे. पंपाने माणसाची पाठ मोकळी केली आणि मागे जायचे असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. माझे म्हणणे रहाट परत आणा असे नाहीच. जुन्या यंत्राची मर्यादा ही कुणाची शहाणीव नव्हती, ती नाइलाजातून आली होती, हे मी मान्यच करतो. रहाटवाल्याला पंप मिळाला असता तर त्यानेही रात्रभर चालवला असता. म्हणूनच मुद्दा अधिक टोकदार होतो. नाइलाज संपतो तेव्हा त्याची जागा निर्णयाने घ्यावी लागते. आपण नाइलाजातून सुटलो आणि निर्णयाचे काम राहून गेले.

दुसरा आक्षेप हवामान बदलाचा. समुद्रच वर येत असेल तर विहिरी खाऱ्या होण्याचा दोष मोटारींना का द्यायचा? आकडे बघू. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि २००६ नंतर ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून अधिक वेगाने वाढते आहे. एका बेफाम मोटारीला विहिरीची पातळी तेवढी उतरवायला काही दिवस पुरतात. तेव्हा आजवरच्या खारेपणाचा मोठा वाटा स्थानिक उपशाचाच म्हणावा लागेल. पण म्हणून हवामान बदल दूरची गोष्ट ठरत नाही. समुद्र वर आला की गोड्या पाण्याचा थरही त्याच्याबरोबर वर उचलला जाऊ शकतो, मात्र त्यासाठी वरती जागा आणि आत मुरणारा पाऊस लागतो. सखल खाजणकाठी ती जागा मुळात थोडी. पाऊसही स्वभाव बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा हात आहे. तोच पाऊस थोड्या दिवसांत कोसळला तर रेतीला प्यायला वेळ मिळत नाही, आणि हा वेळ मिळवून देणे हेच तर बावखलाचे काम. थोडक्यात, मोटारींनी आधीच पातळ केलेल्या थरावर आता समुद्र खालून आणि पाऊस वरून चालून येतो आहे. दुखणे जुने आहे, ताप नवा. ताप आला म्हणून जुन्या दुखण्याची चौकशी टाळता येत नाही.

तिसरा आक्षेप आजचा आणि सर्वांत आकर्षक: ऊर्जा स्वच्छ करा, प्रश्न सुटेल. २०१९ ची केंद्राची कुसुम योजना, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज, असा पाठोपाठ सपाटा आहे. डिझेलचा धूर आणि कोळशाची वीज टाळायलाच हवी, यात वाद नाही. पण धूर टळला म्हणून विहीर वाचत नाही. इंजिनाला निदान डिझेलचा खर्च होता, सूर्याचे बिल येत नाही. वटारसारख्या रेताड किनाऱ्यावर सौर पंप हा न दमणाऱ्या आणि चाराही न मागणाऱ्या बैलासारखा आहे. यावर वाटच नाही असे नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी काढली. शिंपणातून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. जी वीज पाण्यात घालवायची नाही तिला दाम मिळू लागले, म्हणजे मोटार बंद ठेवण्याला पुन्हा एक कारण मिळाले. बैलाच्या थकव्याने जे नकळत साधत होते, ते तिथे हिशेबाने साधायचा प्रयत्न झाला. सौर पंप वाटताना ही जोडणी वगळली, तर आपण जुनीच चूक उन्हात वाळवून पुन्हा वापरू.

उरतो प्रश्न शहराच्या तहानेचा. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर पोहोचलेल्या शहराने पाणी प्यायचेच नाही का? प्यायलाच हवे, आणि आता बरेचसे पाणी सूर्या प्रकल्पातून येतेही. पण धामणीचे ते धरण डहाणू, पालघर, विक्रमगडची शेती भिजवण्यासाठी बांधले होते. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांचा वाटा शहराकडे वळला, हे विसरून वसईच्या विहिरी वाचवल्याचे समाधान मानता येणार नाही. दुसरा धडा ॲमस्टरडॅमचा. त्या शहराने १८५३ पासून समुद्रकाठच्या रेतीच्या टेकड्यांतले गोडे पाणी प्यायला सुरुवात केली. उपसा वाढला, खारे पाणी वर येऊ लागले. मग १९५७ पासून ऱ्हाइन नदीचे पाणी गाळून त्याच रेतीत मुरवायला सुरुवात झाली आणि तो थर पुन्हा उभा राहिला. त्यांनी रेतीला खाण समजणे सोडले, तिला कोठार मानले. आपल्याकडे त्यासाठी नदी वळवण्याची गरज नाही. दोन मीटर पाऊस दारात पडतो आणि तो मुरवण्याचे खड्डे पूर्वजांनी खणून ठेवले होते.

म्हणून वटारच्या वाडीत आज ठरवण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत: उरलेल्या प्रत्येक बावखलाची जमीन म्हणून नव्हे तर पाणी म्हणून सरकारी दफ्तरी नोंद, उन्हाळ्यात किती तास मोटार चालावी याचा गावाने केलेला नियम, आणि सौर पंप द्यायचा तर न वापरलेल्या विजेला दाम. यातली एकही गोष्ट तंत्रज्ञानाला अवघड नाही. अवघड आहे ते शेजाऱ्याच्या मोटारीबद्दल शेजाऱ्याशी बोलणे. रहाटाच्या काळात ते बोलावे लागत नसे, कारण बैल दमला की बोलणे आपोआप मिटे.